आधी हात मातीत, मग म्युझियम: होमस्कूलवाल्या पोरांसाठी पुण्यातला दीड महिन्याचा प्लॅन

पहिल्यांदा पोरांना म्युझियमला नेलं तेव्हा आम्ही पस्तीस मिनिटांत बाहेर होतो, आणि त्यातली दहा मिनिटं बाथरूम शोधण्यात गेलेली. धाकट्याने एका कपाटाकडे बोट दाखवून "आई, फुटकी मडकी ठेवलीयेत" एवढं म्हटलं आणि पुढे पळाला. वर्षभराने तोच पोरगा तशाच एका कपाटासमोर फतकल मारून बसला होता आणि मला सांगत होता की ह्याची तोटी नंतर जोडलीये, बघ सांधा दिसतोय, आपली इथेच तुटली होती ना. मधल्या काळात काही ग्रेट शिकवलं नव्हतं मी, फक्त त्याने स्वतः तीन भांडी केली होती आणि तिन्ही फुटली होती.

त्यामुळे आमच्याकडे आता क्रम उलटा असतो, आधी हात मातीत घालायचे आणि काचेसमोर नंतर जायचं. खाली जे लिहितेय ते दोन मुलांवर (आता ९ आणि १२) करून बघितलेलं आहे. आम्ही पुण्यात राहतो म्हणून सगळं इथलं आहे, तुम्ही नागपूरला नाहीतर कोल्हापूरला असाल तर जागा बदला, क्रम तोच ठेवा. सुरुवात दिवाळी झाल्यावर करा. पावसाळ्यात भांडं वाळत नाही, आणि दिवाळी-संक्रांतीच्या तोंडावर कुंभाराला पणत्या नि सुगडांमधून मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा जाऊन त्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्रासच देणं.

एकच गाव धरा

"प्राचीन भारत" वगैरे विषय घेऊ नका, हाताला काहीच लागत नाही. आम्ही इनामगाव घेतलं. पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्ववाली मंडळी होती. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपास तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. लोखंड नाही, तांबं थोडंसं, बाकी दगडाची पाती आणि मातीची भांडी. ह्या भांड्यांना जोर्वे भांडी म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून, कारण तिथे ती आधी सापडली. लाल-केशरी अंग, त्यावर काळ्या रंगात रेघा, चौकटी, तिरके पट्टे. कंगोरा असलेले वाडगे, लांब तोटीची भांडी.

मुलांना सुरुवातीला एवढं बास. तारखांची पाटी करून भिंतीवर लावली तर ती दोन दिवसांत वॉलपेपर होते. आम्ही फक्त एक दोरी ताणली, १ सेंटिमीटर म्हणजे १० वर्षं, एका टोकाला आज आणि साडेतीन मीटरवर इनामगाव. शिवाजी महाराज कुठे येतात ते मोजून बघितल्यावर (३५ सेंटिमीटर!) थोरली बराच वेळ गप्प होती.

माती, आणि ती का दगा देते

पहिल्या वेळी मी सोसायटीच्या बागेतली काळी माती आणली, मळली, पोरांनी मस्त वाटे केले, गच्चीत वाळत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना भेगा. आपल्याकडची काळी माती बेसाल्टची झीज होऊन झालेली असते, पाणी मिळालं की फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याचमुळे. नुसत्या काळ्या मातीचं भांडं करणं म्हणजे भेगांना आमंत्रण. पण तो धडा मी आधी सांगितला असता तर पोरांच्या लक्षात राहिला नसता, तुम्हीही एकदा फुटू द्या.

मग हे करा. तीन-चार ठिकाणची माती गोळा करा, बाग, नदीकाठ, डोंगरउतार, आणि एक कुंभाराकडची. प्रत्येक मातीची बरणी टेस्ट, म्हणजे काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, जोरात हलवून एक दिवस ठेवून द्या. वाळू खाली बसते, मग गाळ, वर चिकणमाती. थरांची जाडी पट्टीने मोजून टक्केवारी काढायला लावा, गणिताचा तास त्यातच उरकतो. दुसरी टेस्ट हाताची, पेन्सिलीएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची, तडे गेले तर त्या मातीला ताण सोसत नाही.

नदीकाठाला गेलात की नुसती माती घेऊन परत येऊ नका, तिथे तासभर काढाच. बोरीचं झाड शोधा. इनामगावला जळलेले दाणे सापडले त्यात जव होता, गहू, मसूर, हुलगा होता आणि रानातली बोरंही होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं पोरगं बोरं खाऊन बी थुंकत होतं हे कळल्यावर माझ्या पोरांनी बोरीखाली बसून त्याचं प्रात्यक्षिक केलं, स्पर्धा झाली, ज्ञान किती मिळालं माहीत नाही. घरी आल्यावर कुंडीत जव पेरा. किराणा दुकानातला सोललेला जव उगवत नाही, पूजेच्या सामानाच्या दुकानात अख्खा मिळतो. नवरात्रात घटाखाली मातीत धान्य पेरतो ते पोरांनी बघितलेलं असतंच, त्यामुळे मडकं आणि धान्य ही जोडी त्यांना नवीन नसते.

कुंभाराकडे एक अख्खी सकाळ

केशवनगर-मुंढव्याकडे कुंभारांची वस्ती आहे, तुमच्या गावातही कुंभारवाडा असणारच. आधी एकटं जाऊन बोलून या. सरळ सांगा की काका, मुलांना शिकायचंय, तुमची सकाळ मोडणार आहे, त्याचे किती द्यायचे. चार मडकी विकत घेऊन दोन तास डोकं खाणं बरं नाही. मोठ्या ग्रुपने जाऊ नका, चार मुलं खूप झाली.

चाकावर बसायची घाई करू नका, पोरं तेवढंच मागतील पण चाकावर पहिल्या दिवशी हातात फक्त चिखल येतो. त्याआधी माती तयार होताना बघू दे. कशी भिजवतात, चाळतात, पायाने तुडवतात, त्यात राख आणि घोड्याची लीद का घालतात. लीद म्हटल्यावर "ईईई" होणार, होऊ द्या. लीदेतले बारीक तंतू माती वाळताना धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की मागे बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगावरून त्याची वाफ होते आणि आतलं पाणी थंड राहतं. घरी हे मोजता येतं, एक माठ आणि एक स्टीलची कळशी किचनच्या काट्यावर पाणी भरून वजन करा, चोवीस तासांनी परत करा, आणि दोन्हीतलं तापमान थर्मामीटरने बघा.

आमच्या काकांनी एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. त्यांनी दोन मडकी उचलली, दिसायला सेम, आणि धाकट्याच्या कानाशी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारली. एक टण्ण वाजलं, दुसरं थप्प. "टण्ण म्हणजे पक्कं, थप्प म्हणजे ह्याला कुठंतरी चीर हाय, डोळ्याला दिसायची न्हाई." जोर्वे भांड्यांबद्दल पुरातत्त्ववाले हेच लिहितात, नीट भाजलेली, वाजवली की धातूसारखा आवाज येणारी. पुढे महिनाभर आमच्या घरात प्रत्येक कपाला टिचकी मारून झाली, दोन कप गेले.

निघताना पाच किलो तयार माती विकत घ्या, दोन मुलांना पुरते.

आता भांडं

चाक नकोच. वाटीला आतून ओलं फडकं लावून त्यात तळ थापा, त्यावर करंगळीएवढ्या वळ्या एकावर एक चढवत जा, प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खालच्या वळीत ओढून मिसळून टाका. सांध्याला काट्याने ओरखडे आणि पातळ चिखल लावल्याशिवाय जोडू नका, तोटी तर नाहीच. इनामगावला धान्य साठवायचे मोठे रांजण हाताने केलेले, जाडेभरडे असायचे आणि त्यांच्या अंगावर मातीची पट्टी चिकटवून ती बोटाने दाबत दाबत नक्षी केलेली असायची. तुमच्या भांड्याच्या खांद्यावर तशीच पट्टी लावून पोरांना बोटं दाबू दे. ही पायरी गाळू नका प्लीज, म्युझियममध्ये ह्याच खुणांवर सगळा खेळ आहे.

मातीची एक चपटी पट्टी वेगळी करा आणि तिच्यावर बरोब्बर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर परत मोजा. भांडं किती आकसतं ते कळतं, आमची ९ वर आली.

पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली, मग सावलीत आठ-दहा दिवस. अर्धवट वाळलं की गेरू पाण्यात कालवून हात फिरवा आणि गुळगुळीत गोट्याने घासा, चकाकी येते. काळ्या रेघांसाठी आमच्या पोरांनी कोळसा उगाळून आधीच नक्षी काढली आणि भट्टीतून भांडं बाहेर आलं तेव्हा नक्षी गायब! कोळसाच तो, जळून गेला. जोर्वेवाले खनिज रंग वापरायचे, जो आगीत टिकतो. आपण घरी कोळसा आणि डिंक भाजल्यानंतर लावायचा.

भाजायचं कुठे? फ्लॅटमध्ये, गच्चीत, पार्किंगमध्ये अजिबात नाही. एकतर कुंभारकाकांना विनंती करून त्यांच्या भट्टीत कोपऱ्यात ठेवा, आम्ही पहिल्यांदा तेच केलं, नाहीतर कोणाचं शेत असेल तर तिथे उथळ खड्डा. भांडी पूर्ण कोरडी हवीत, आत ओल राहिली तर पाण्याची वाफ होऊन भांडं फाडते. खाली पेंढा, मग गोवऱ्या, मग भांडी, भोवती नि वर गोवऱ्या, सगळ्यावर खापरं. कडेला छोटी आग करून भांडी आधी शेकवा आणि मगच पेटवा. सुती कपडे, मुलं लांब, पाण्याची बादली जवळ, पण तापलेल्या भांड्यावर पाणी नाही, उकरणं दुसऱ्या दिवशी सकाळी. हवा लागली ती बाजू लाल होते कारण मातीतलं लोह हवेतला ऑक्सिजन घेतं, राखेत गाडलेली आणि धुरकटलेली बाजू काळी-करडी. एकाच भांड्यावर दोन्ही रंग आले की समजावून सांगायला काही उरत नाही. ह्या भांड्यात काही खायचं-प्यायचं नाही, शोभेला ठेवा.

फोडा आणि पुरा

फुटलेलं भांडं टाकू नका, आणि फुटलं नसेल तर एक बळी द्या. मोठ्या टबात खाली वाळू, मधे लाल मुरूम, वर काळी माती असे थर करा, प्रत्येक थरात वेगळ्या भांड्याची खापरं पुरा. दुसऱ्या घरच्या मुलांनी पुरलेलं तुमच्या मुलांनी उकरावं, मजा तिप्पट. वर सुतळीने १० सेंटिमीटरचे चौकोन पाडा, हत्यारं म्हणजे चमचा आणि जुना पेंटिंग ब्रश, आणि खापर हलवायच्या आधी वहीत कुठल्या चौकोनात, किती खोल, हे लिहायचंच. धाकटा पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही हातांनी उकरायला लागला, थोरलीने त्याला "तू चोर आहेस, पुरातत्त्ववाला नाहीस" असं सुनावलं. मला नवीन काही सांगायला लागलं नाही.

मग खापराच्या काठावरून भांड्याचं तोंड केवढं होतं ते काढा. कागदावर एकात एक वर्तुळं काढायची, एकेक सेंटिमीटर अंतराने, काठाचा तुकडा उभा धरून कुठल्या वर्तुळावर बसतो ते बघायचं. खरे पुरातत्त्ववाले पण हेच करतात. चिकटवायला पाण्याने सुटणारा गोंद.

म्युझियमचा दिवस

आता कुठे डेक्कन कॉलेज, येरवड्याला. तिथल्या पुरातत्त्व म्युझियममध्ये इनामगावच्या वस्तू आहेत. फोन करूनच जा, आणि मुलांना काही खापरं हातात घेऊन बघता येतील का हे विचारायला लाजू नका, नाही म्हणाले तर नाही.

तीनच वस्तू बघायच्या. आम्ही चिठ्ठ्या करतो, एक तोटीचं भांडं, एक हाताने केलेलं जाडं भांडं, आणि एक ज्याची त्याने निवडायची. प्रत्येकासमोर पंधरा मिनिटं, पेन्सिलने चित्र (पेन नको, फ्लॅश नको), अर्ध्या बाजूला बाहेरून दिसतं तसं आणि अर्ध्या बाजूला उभा काप, भिंत कुठे जाड कुठे पातळ. प्रश्न मी चारच ठेवते, चाकावर की हाताने, बोटाची खूण कुठे, आग कुठल्या बाजूने लागली, कशासाठी वापरलं असेल. पाटी शेवटी वाचायची. एका म्युझियममध्ये पोरं खाली बसून चित्र काढत होती म्हणून आम्हाला ओरडा बसला होता, तेव्हापासून आत शिरल्या शिरल्या आधी विचारते, बहुतेक ठिकाणी कोपरा दाखवतात. दीड तासाच्या आत बाहेर, झाडाखाली डबा.

एक गोष्ट आधी ठरवून जा, ती म्हणजे दफनाची मडकी. इनामगावला लहान मुलं गेली की त्यांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मी ते टाळायचा विचार करत होते पण थोरलीने बघितलं आणि विचारलं. सरळ सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आईपासून लांब जाऊ नये म्हणून? मला नाही माहीत म्हटलं, कोणालाच नक्की माहीत नाही, पण तसं असू शकेल. आठ-नऊच्या खालच्या मुलांना तुम्ही तुमच्या अंदाजाने.

घरी आल्यावर अंगणात रांगोळीने घरं आखा. आधीच्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं होती आणि इ.स.पू. १००० नंतरच्या काळात छोट्या गोल झोपड्या. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, शेती बसली, लोक गरीब झाले. भांडीही त्या काळात भरड होत गेली. गोल आखून त्यात चौघांनी झोपून बघा.

इनामगावला प्रत्यक्ष गेलात तर एकही खापर उचलून आणायचं नाही, संरक्षित जागेवरचं काही उचलणं हा गुन्हा आहे, पोरांना गाडीतच बजावून ठेवा.

आदिवासी म्युझियम, आणि इथे घोळ घालू नका

हा भाग वेगळ्या आठवड्यात घ्या, मुद्दाम. एकाच दिवशी इनामगाव आणि आदिवासी म्युझियम केलं की मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की आदिवासी म्हणजे "जुन्या काळचे लोक". आमच्या धाकट्याने तेच विचारलं होतं, वारली लोक संपले का? चूक माझीच, दोन्ही एका दोरीवर लावलं होतं.

पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथलं हे म्युझियम. मुखवटे, वाद्यं, दागिने, शेतीची नि मासेमारीची साधनं. इथेही तीनच वस्तू. तारपा घ्या, फुंकून वाजवायचं वाद्य, वाळलेल्या दुधी भोपळ्याचा असतो, आदल्या आठवड्यात घरी एक भोपळा वाळवायला ठेवा म्हणजे कळतं किती महिने लागतात ते. बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांच्या उत्सवाचा, मुखवटा घ्या. आणि धान्य साठवायची कणगी घ्या, बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली, आणि तिथेच विचारा की ज्याच्याकडे बांबू आहे तो रांजण कशाला घडवेल?

वारली चित्रं तर प्रत्येक हॉबी क्लासात कोस्टरवर काढतात. करा पण नीट करा, लाकडी फळीला शेण-माती किंवा गेरू लिंपून, तांदळाच्या पिठीचा पांढरा रंग, आणि ब्रश म्हणजे बांबूची काडी टोकाला चावून चावून मऊ केलेली. त्याआधी सांगा की ही मुळात लग्नातली, सवाशिणींनी काढायची चित्रं, मधोमध चौक आणि त्यात पालघट देवी. घराबाहेर कागदावर ती गेली १९७० च्या दशकात, जिव्या सोमा म्हसे ह्यांच्यामुळे बरीचशी, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चौक आम्ही काढत नाही, तो त्यांचा देव्हारा आहे. शेत, माणसं, झाडं, मुंग्या काढतो.

आणि इतिहास म्हणजे नुसती कला नाही. कातकरी हे नाव कातावरून, खैराच्या झाडापासून कात काढायचा धंदा. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा आणला, सरकारी जंगलातली तोड बंद होत गेली आणि नावात उरला तो कात हातातून गेला. महादेव कोळी समाजातले राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. जंगलात राहणाऱ्यांचे तिथल्या जमिनीवरचे हक्क मानणारा २००६ चा वनहक्क कायदा थोरल्या मुलांना जरूर सांगा. ओळखीत कोणी ठाकर, कातकरी, महादेव कोळी असेल, आणि पुणे जिल्ह्यात असतंच, तर पावसाळ्यात रानभाज्या ओळखायला त्यांच्याबरोबर जा, मावशी म्हणा, पैसे द्या आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

फाइल, आणि पुढे

रेकॉर्ड ठेवा, कारण पुढे एनआयओएसला (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते सरकारी मुक्त शाळेचं बोर्ड) बसवायचं ठरलं तर तुम्हालाच आधार असतो. आमच्याकडे एक साधी फाइल आहे, मातीच्या टेस्टचे आकडे, आकसल्याचं गणित, उत्खननाची वही, तीन तीन चित्रं, आणि जी भांडी फुटली त्यांच्या खापरांची पिशवी तारखेसकट. फोटो कमी, पोरांच्या अक्षरातलं जास्त.

हे सगळं झालं की मुंबई, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे दायमाबादला सापडलेले ब्रॉन्झचे प्राणी आहेत, हत्ती, गेंडा, रेडा. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल झुडपाचं मूळ खणत होते तेव्हा त्यांना हे सापडलं, सोबत बैलगाडी हाकणारा माणूस पण. आमच्या थोरलीने हत्तीसमोर उभं राहून पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, छबूकाकांचं नाव कुठाय? गाडीवाला तिथे नाहीये, तो दिल्लीला नॅशनल म्युझियममध्ये. त्याची तिकिटं पुढच्या थंडीत, तोपर्यंत पोळ्याला कुंभारकाकांकडून बैलांची जोडी आणलीये आणि धाकट्याने तिला मातीची चाकं करायला घेतलीत, एक परवाच फुटलं.